मनगटापर्यंत उदी

या सदरातले अनुभव मी बसमध्ये वाचते, वेळ जावा म्हणून. खरं सांगते, वाचून हसूच येतं... कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या स्वयंपाकघरात भांडी वाजतात. देवाबद्दल माझं मत अजून ठरायचं आहे, पण या बाकीच्या गोष्टींबद्दल केव्हाच ठरलेलं होतं — माझ्याकडे त्यांच्यासाठी वेळ नाही. साडेपाचला उठायचं, अप्पांचं आवरायचं, स्वयंपाक, नोकरी, आणि घरी आल्यावर परत अप्पांचं. यात भुताला बसवायचं कुठे? तरीही आज लिहायला बसले आहे. जे झालं ते आहे तसं लिहिते, मीठमसाला लावण्याइतका जोर माझ्यात उरलेला नाही.

मी म्हैसूरची. आमच्या घरात मराठी बोलतात, पण ते तुम्ही ऐकलंत तर अर्धं कानडी वाटेल. लग्नानंतर बारा वर्षं बेळगावात काढली म्हणून निदान लिहिण्यापुरतं मराठी सुधारलं. नंतर आईवडिलांसाठी परत आले. जातीनं आम्ही रंगारी. पाच-सहा पिढ्यांपासून इथेच कापड रंगवायचं काम, आणि अप्पा त्यातले शेवटचे. मी सात वर्षांची असताना त्यांनी ते बंद केलं आणि कापडाच्या दुकानात नोकरी धरली. मला त्यांचे तेव्हाचे हात आठवतात. मनगटापर्यंत रंगलेले, कधी निळे, कधी लाल, आणि मनगटावर सरळ रेघ. रंग अन्नात उतरतो म्हणून आई त्यांना हातानं जेवू द्यायची नाही. आमच्या घरात चमच्यानं जेवणारा तो एकच माणूस होता. काम बंद झाल्यावर हात हळूहळू साफ होत गेले आणि एक दिवस आई ताट वाढताना म्हणाली, "आता हातानं जेवा." अप्पा त्या दिवशी नीट जेवले नाहीत, एवढं आठवतं.

आता अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. काचबिंदूनं तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. उजेड आहे की नाही तेवढंसुद्धा कळत नाही. आई गेल्या वर्षी गेली. म्हैसुरातल्या विजयनगर वस्तीत, तिसऱ्या स्टेजला (इथे वस्तीच्या भागांना स्टेज म्हणतात), पहिल्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो. पुढच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी माझा कॉम्प्युटर, त्याच्या मागे चार पावलांवर अप्पांची कॉट. हे मुद्दाम सांगते आहे, कारण स्क्रीनची पाठ खिडकीला, माझी पाठ अप्पांना, आणि अप्पांचं तोंड बहुतेक वेळा भिंतीकडे असतं.

मी मंडी मोहल्ल्यातल्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम लावते. इतकी वर्षं तेच केलं. यंदा मालकांनी नवीन सॉफ्टवेअर आणलं, ते पानं आपोआप लावतं. मालक भले आहेत, कामावरून काढतो असं म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, कलर ग्रेडिंग शिका. ते अजून माणसालाच करावं लागतं." ग्रेडिंग म्हणजे फोटोतले रंग जुळवणं. थोडक्यात, सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळा. सकाळी सहा ते सात, कॉफीचा लोटा बाजूला आणि स्क्रीनवर एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, जो प्रत्येक वाक्य "इट्स व्हेरी सिंपल" असं सुरू करतो आणि मी चष्मा पुसेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

त्यातलं एकच साधन इथे समजावून सांगते, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. फोटोतल्या एका रंगावर क्लिक करायचं, की तो रंग जिथे जिथे असेल तेवढा भाग सॉफ्टवेअर निवडतं. एका छोट्या चौकटीत तोच फोटो काळा-पांढरा दिसतो — निवडलं गेलं ते पांढरं, बाकीचं काळं. एवढंच. मग त्या पांढऱ्या भागाचा रंग हवा तसा बदलता येतो.

त्वचेच्या रंगाचा धडा आला तेव्हा सराव करायला फोटो हवा होता. अप्पा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी मोबाइलवर फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि त्यांच्या गालावर क्लिक केलं. चेहरा पांढरा झाला, मान पांढरी झाली, बाह्यांच्या खालचे हात पांढरे झाले... आणि मनगटाशी येऊन थांबले. पंजे काळे. दोन्ही. मनगटावर सरळ रेघ.

फोटोत डोळ्यांनी पाहिलं तर पंजे साधेच होते. गव्हाळ, सुरकुतलेले, मनगटाच्या वरच्या हातासारख्याच रंगाचे. मी म्हटलं, उजेडाचा फरक असेल. दुसऱ्या दिवशी त्यांना कॉटवर बसवून फोटो काढला. तेच. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. गालाचा रंग तोच ठेवून पाहिलं. माझा पंजा पांढरा, त्यांचा काळा, आणि आमच्या गुंतलेल्या बोटांमधून सीमारेषा फिरत गेलेली. माझी बोटं मोजता येत होती.

पेन ड्राइव्हवर घालून स्टुडिओत नेलं. मालक म्हणाले तुमचा मॉनिटर जुना आहे, आणि स्वतःच्या मॉनिटरवर करून पाहिलं. मनगटापर्यंत येऊन थांबलं. त्यांनी दोनदा केलं. "काय मॅडम, वडिलांनी ग्लोव्हज घातलेत का?" म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेले. मीही विषय सोडून दिला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये रोजच काहीतरी बिघडलेलं असतं, त्यात हे एक.

याच सुमारास अप्पांनी फोटोचं काढलं. आईचं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. अप्पा स्वतःहून काही मागत नाहीत. दूध नासलं तरी तसंच पितात. त्या दिवशी म्हणाले, "पुट्टी, आईचा फोटो मोठा करून लाव. उदी लुगड्यातला. रंग नीट कर हं, स्वल्प वेळ लागला तरी चालेल."

"कुणी बघायचंय अप्पा एवढं," असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

फोटो एकच होता. जुन्या घराच्या अंगणात आई आणि अप्पा उभे, आई लुगड्यात, अप्पांचे हात पाठीमागे. त्या काळचे रंगीत प्रिंट आता लालसर पडतात तसाच तोही पडला होता. लुगडं मळकट गुलाबी दिसत होतं. मूळ रंग काय, ते फोटोवरून कळायला मार्ग नव्हता. पण अप्पांनी नाव सांगितलं होतंच. आमच्याकडे कानडीत ऊदा म्हणजे जांभळा. मी विचारही केला नाही. लुगडं निवडलं, कडा सावरल्या, आईच्या हातावर सांडलेला रंग पुसून काढला आणि सुंदर जांभळं लुगडं केलं. चार सकाळी गेल्या त्यात. शिकल्यापासून पहिल्यांदा काही जमलं होतं, मी स्वतःवर खूश होते.

त्या रविवारी पिरियापट्टणहून सरोज मावशी आली, आईची धाकटी बहीण. पिशवीभर अवरेकाळू, म्हणजे वालाचे दाणे, घेऊन आली आणि पिशवी ठेवायच्या आधी स्क्रीनकडे बघत उभी राहिली.

"हे काय ग? अक्काचं हे लुगडं नव्हे."

"उदी ना? अप्पांनीच सांगितलं."

"अय्यो, हे ऊदा झालं. हे कानडीतलं. वांग्याचा रंग. भावोजी उदी म्हणाले असतील, आपलं उदी. ऊद बघितला नाहीस होय, धुपात घालतात तो खडा? तसला रंग. आधी तांबडं करायचं, त्यावर काळ्यात बुडवून एक पाणी द्यायचं. एकच. जास्त झालं तर गेलं लुगडं."

मग तिनं मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. ते लुगडं अप्पांनी रंगवलेलं शेवटचं कापड. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाचे हंडे विकले. फोटो काढला त्या दिवशी त्यांचे हात अजून उदीच होते, म्हणून लाजून त्यांनी ते पाठीमागे घेतले. "अक्का म्हणाली, दाखवा की हात, आता पुन्हा कुठे दिसणार. ऐकलं नाहीत. सुम्ने उभे राहिले, गप्प."

मी ऐकत होते आणि मनात एकच येत होतं... पुन्हा चार सकाळी. पुन्हा त्या कडा. मी हळू आवाजात म्हणाले, "राहू दे मावशी. छान दिसतंय. अप्पांना कुठे दिसतंय?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तुझं तू बघ," म्हणाली आणि दाण्यांची पिशवी आत घेऊन गेली. अप्पा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना कॉफी दिली तेव्हा त्यांनी विचारलं, "उदी जमलं?"

"जमलं," मी म्हणाले.

"आयतु," ते म्हणाले. म्हणजे झालं, मिटलं. त्यांनी दोन्ही हातांत पेला धरला आणि पिऊ लागले. मला फार लाज वाटली. आयुष्यभर रंग ओळखण्यावर जगलेल्या माणसाला मी रंगाच्या बाबतीत फसवलं, तेही त्याच्या बायकोच्या लुगड्यात, आणि का तर मी दमले होते. दमणं खोटं नव्हतं. पण दमलेली तर आईसुद्धा होती शेवटची दोन वर्षं. तरी त्यांना शर्ट देताना "आज निळा" असं रंग सांगून द्यायची, आणि तो निळाच असायचा.

त्या संध्याकाळी स्टुडिओतून निघाले आणि मंडी मोहल्ल्यातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानात गेले. ऊदाचे खडे मागितले. दुकानदारानं कागदात बांधून दिले. घरी येऊन उघडून पाहिले तर तो रंग मला माहीत होता. लहानपणी पाहिलेला, नाव न कळताच विसरलेला. तांबूस, आत काळपट, आणि तरी मऊ.

सकाळी त्यातला एक खडा खिडकीत ठेवून फोटो काढला. त्याचा रंग घेतला. आणि मग त्या व्हिडिओतल्या मुलाचं सगळं बाजूला ठेवून मावशीनं सांगितलं तसं केलं. लुगडं निवडलं. कडा सावरण्यातच तीन सकाळी गेल्या. चौथ्या सकाळी आधी एक थर नुसता तांबडा. त्यावर दुसरा थर काळा, अगदी शून्यावर, दिसणारच नाही असा. मग त्याच्या दाटपणाची पट्टी हळूहळू पुढे सरकवायला लागले. पाच टक्के. दहा. लुगड्यातला भडकपणा उतरू लागला. पंधरा. घरात आवाज नव्हता, खाली दूधवाल्याची गाडी येऊन गेली होती. अठरा, एकोणीस...

"बस कर," अप्पा मागून म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले होते.

"आणखी पाणी देऊ नको. काळं पडेल."

मी विचारलं, "काय म्हणालात अप्पा?" श्वास संथ चालला होता. झोपेत बोलले असतील... बोलतात कधी कधी. रंगाऱ्याला झोपेत रंगाचंच आठवणार, यात नवल नाही. मी स्क्रीनकडे पाहिलं. आई उदी लुगड्यात उभी होती. मी ती पट्टी पुढे नेली नाही, आजही ती एकोणीसवरच आहे.

मग मी एक गोष्ट केली, का केली ते सांगता येणार नाही. तो लुगड्याचा तयार झालेला रंग तसाच उचलला, अप्पांचा खिडकीतला पहिला फोटो उघडला, आणि तोच रंग यात शोध असं सॉफ्टवेअरला सांगितलं. त्या फोटोत उदी रंगाचं काहीच नव्हतं. पांढरा शर्ट, हिरवट भिंत, स्टीलचा लोटा.

चौकट सगळी काळी झाली. चेहरा काळा, मान काळी, मनगटाच्या वरचे हात काळे. आणि मधोमध दोन पंजे पांढरेशुभ्र. गुडघ्यांवर ठेवलेले, मनगटापर्यंत. मनगटावर सरळ रेघ.

मी घाबरले नाही. वाचणाऱ्यांना वाटेल घाबरले असेन. मला रडू आलं आणि मी आवाज न करता रडले, कारण अप्पांचे कान शाबूत आहेत. मग सव्वासात झाले, डबा व्हायचा होता, उठले.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मोठी फ्रेम करून आणली. अप्पांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अप्पा, आधी खोटं सांगितलं होतं. जांभळं केलं होतं मी. आता उदी आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. काच चाचपत राहिले. कसं माहीत, ते मी विचारलं नाही. त्या रविवारी जागे असतील, सगळं ऐकलं असेल, तर एवढ्यापुरता उलगडा होतो. आणि ऐकलं असेल तर "अप्पांना कुठे दिसतंय" हेही ऐकलं. त्याबद्दल ते आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत. मला ते जास्त लागतं.

श्राद्धाच्या दिवशी भटजी आले, अप्पांचा हात धरून त्यांनी सगळं करवून घेतलं. दुपारी एकच्या सुमारास पानं मांडली. मावशी वाढत होती. वडे, खीर, भात, सगळं आईच्या पद्धतीचं. मी अप्पांचा हात धरून पानाशी बसवलं, भात कुठे, खीर कुठे ते सांगितलं. ते हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.

"जेवा की भावोजी," मावशी म्हणाली.

"पुट्टी, चमचा दे," अप्पा म्हणाले.

"कशाला चमचा? रोज हातानं जेवता."

"हात रंगाचे आहेत ग," ते म्हणाले. अगदी साधेपणानं, जुन्या घरात अंगणातून आत येऊन म्हणायचे तसं. "अन्नात उतरेल. आईला चालत नाही."

मावशीच्या हातातली पळी तशीच राहिली. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते. सकाळी मीच साबण लावून धुतले होते. चाळीस वर्षांत त्या माणसानं चमच्यानं भात खाल्लेला मी पाहिला नव्हता. आत गेले, चमचा आणला, त्यांच्या बोटांत दिला. ते सावकाश सगळं जेवले. खीर दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर मोरीशी नेऊन त्यांचे हात मी स्वतः धुतले. नीट, मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून. मी पाण्याकडे बघत होते. पाणी नुसतं पाणीच होतं. पण अप्पा मध्येच म्हणाले, "निघतंय का?" आणि मी म्हणाले, "निघतंय." हेही खोटंच की काय, मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीत, त्याच खिडकीत त्यांचा फोटो काढला. लुगड्याचा उदी रंग घेऊन शोधला. चौकट पूर्ण काळी राहिली आणि सॉफ्टवेअरनं सूचना दाखवली — पन्नास टक्क्यांहून जास्त निवडला गेलेला एकही बिंदू नाही, निवडीच्या कडा दिसणार नाहीत. मग गालावर क्लिक केलं. चेहरा, मान, हात, पंजे, सगळं एकदम पांढरं झालं. मनगटावर रेघ नव्हती.

जुना फोटो मी पुसलेला नाही. तो उघडला की त्यात अजूनही पंजे तेवढे वेगळे निघतात. मालकांच्या एका ओळखीच्या इंजिनिअरला दाखवला. तो फाइल बिघडल्याचं म्हणाला, कशी ते त्याला सांगता आलं नाही. कुणाला कळत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. ग्रेडिंगचं काम आता बरं जमतं, स्टुडिओतली नोकरी टिकली आहे. दमणूक होती तेवढीच आहे.

अप्पा परत हातानं जेवतात. त्या दुपारचा चमचा मी बाकीच्या चमच्यांत ठेवला नाही, वरच्या फळीवर वेगळा ठेवला आहे. आणि सकाळी शर्ट देताना मी रंग सांगून देते.